एका बारवेचे सहा फोटो

रणरणतं ऊन आणि मिट्ट काळोख, दोन्ही एका नजरेत धरणारा माझ्यासारखा कॅमेरा साऱ्या संभाजीनगरात दुसरा नाही!

बरं, आहेत. चारदोनशे तरी असतील. आणि 'एका नजरेत' हेही जरा वाढवूनच सांगितलं. एका नजरेत मला काहीच धड धरता येत नाही. उजेडाकडं बघितलं की सावली काळी ठिक्कर होते, सावलीकडं बघितलं की आभाळ पांढरंफट्ट. मग मी काय करतो? एकच गोष्ट तीनदा बघतो. एकदा नीट, एकदा डोळा किलकिला करून, एकदा डोळा फाडून. ते तिन्ही फोटो कुणीतरी शहाणं माणूस संगणकावर एकात एक मिसळतं. शाबासकी मात्र मी घेतो.

तीनच का, म्हणाल. मोठ्या घरचे कॅमेरे सात-सात, नऊ-नऊ फोटोंपर्यंत शिकलेले असतात. मी तिसरीतच शाळा सोडली. पण मिजास मात्र पदवीधराची!

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. आईबाप आठवत नाहीत, खोकं आठवतं. माझा पहिला मालक मुकुंद, वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यानं मला घेतलं आणि पहिल्याच रविवारी अजिंठ्याला निघाला. वाटेत फर्दापूरला गरम भजी खाल्ली आणि त्याच बोटानं माझं भिंग पुसलं. त्या दिवशीच्या साऱ्या लेण्यांत धुकं पडलंय. "कॅमेराच बोगस निघाला," असं तो घरी सांगत होता. इंजिनिअर माणसाला तेलाबद्दल काय शिकवायचं?

वर्षभरात त्यानं मला गुलमंडीच्या मागल्या गल्लीत वैजनाथच्या स्टुडिओत विकून टाकलं.

वैजनाथ म्हणजे लग्नाचा फोटोवाला. माणूस मनानं चांगला, हातानं सराईत, डोक्यानं जरा घाईचा. माझ्यासोबत आलेली पुस्तिका चार भाषांत होती आणि त्यातली एकही वैजनाथला पसंत नव्हती. त्यानं तिची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल सरळ झालं. माझी सारी अक्कल त्या टेबलाखाली गेली.

लग्नात मी लई मजा केली. सासरेबुवा मान ताठ करून, पोट आत ओढून उभे राहायचे. मी भिंग इकडून तिकडं फिरवत बसायचो, कुर्र कुर्र. त्यांचा श्वास सुटला, पोट पुढं आलं, की टक्! वैजनाथ वैतागायचा. "ह्याचा फोकस म्हाताऱ्यावानी झालाय." म्हातारा कुठला, मी तर रंगात आलेलो असायचो!

वैजनाथची एक सवय मात्र सांगून ठेवतो, कारण पुढचा सारा गोंधळ तिच्यातून झाला. तेव्हा भारनियमन लई. बॅटरी भरायला घातली की वीज गेलीच म्हणून समजा. म्हणून वैजनाथ एक फोटो काढला की अंगठ्यानं मला बंद करायचा. पुन्हा चालू, टक्, पुन्हा बंद. फोटो काढल्यावर मागच्या काचेवर तो दिसतो ना, तेही त्यानं बंद करून टाकलं होतं. "चित्र बघण्यात बॅटरी जाते," म्हणायचा. दिवसात तीनशे वेळा झोपायचो आणि तीनशे वेळा उठायचो मी.

आता खरी गोष्ट. दोन हजार चौदाचा मार्च. मंगळवारी दुपारी स्टुडिओत एक म्हातारी आली. नाव दगडाबाई. अंगावर नऊवारी, पिशोरच्या पुढं एका वस्तीवर राहणारी. मागं तिचा पुतण्या कारभारी, ग्रामपंचायतीचा सदस्य. त्याच्या खिशाला तीन पेनं होती. एकही चालत नसावं, अशी मला शंका आहे.

"फोटोवाल्या," दगडाबाईनं खुर्चीवर टेकायच्या आधीच सुरुवात केली, "आमची बारव बुजवायला लागलेत."

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. त्यांच्या वस्तीवरची चाळीस पायऱ्या खोल. तळाशी एक कोरीव कोनाडा, त्यात साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. दगडाबाई चौदाव्या वर्षी नवरी होऊन आली तेव्हापासून रोज तिथं उतरून हळदकुंकू वाहते. आता पंचायतीनं ठराव केला होता, की हा कचऱ्याचा खड्डा आहे, त्यात मुरूम टाकावा आणि वर आठवडी बाजाराचे ओटे बांधावेत.

"मी एकट्यानं विरोध केला," कारभारी म्हणाला.

"व्हय, हात वर करून झोपला होतास," दगडाबाई म्हणाली. "शुक्रवारी ग्रामसभा हाय. तालुक्यावरनं सायेब येणार. त्यांना मोबाइलातले फोटो दावले तर म्हणले, ह्या फोटोत नुसतं आभाळ हाय, ह्या दुसऱ्यात नुसता अंधार हाय. हा कोनाडा तुमच्याच खड्ड्यातला कशावरून? वरची वस्ती अन् खालचा कोनाडा एकाच फोटोत आणा. नायतर शनिवारी टिप्पर लागणार."

तिनं 'शनिवारी' म्हटलं आणि पदरानं तोंड पुसलं. एवढंच. पण माझ्या भिंगाला कळलं, ही बाई रडायला आलेली नाही, भांडायला आलीय.

"एका क्लिकात काढतो मावशी!" वैजनाथ म्हणाला.

एका क्लिकात? अरे माझ्या राजा!

संध्याकाळी वैजनाथची बायको कालिंदी शाळेतून आली. ती विज्ञान शिकवते, आणि घरी वैजनाथला शिकवते. ऐकून घेऊन तिनं सरळ टेबल उचललं आणि पायाखालची पुस्तिका ओढून काढली.

"अहो, टेबल डुगडुगेल!"

"डुगडुगू दे. एका क्लिकात काही होणार नाही. वर ऊन, खाली अंधार. तीन फोटो वेगवेगळ्या उजेडाचे काढायचे आणि मिसळायचे. हा कॅमेरा स्वतःहून काढतो तीन. हे बघा, सत्तेचाळीसावं पान."

"मला माहीत होतं," वैजनाथ म्हणाला. नवरे असंच म्हणतात. मी फोटोत शेकड्यानं बघितलेत.

बुधवारी वैजनाथ एकटाच एस.टी.नं पिशोरला गेला. तिथून कारभारीची मोटारसायकल. मधे तिकाटणं, म्हणजे माझं तीन पायांचं आसन, मागं वैजनाथ, त्याच्या गळ्यात मी. बारवेच्या काठावर उन्हात उभं राहून त्यानं मला अगदी पानात सांगितल्याप्रमाणं हुकूम दिला. एक नीट, एक बराच काळा, एक बराच उजळ. शाबास! मग चाळीस पायऱ्या उतरायच्या म्हणून काय केलं? अंगठा पुढं आला आणि मला बंद केलं. बॅटरी वाचवायला!

आता माझं एक गुपित ऐका. मला बंद केलं की तीन फोटोंचा हुकूम माझ्या डोक्यातून साफ जातो. सकाळी उठल्यावर काल काय ठरलं होतं ते विसरणारी माणसं असतात ना, तसं. पुस्तिकेत लिहिलेलंय. सत्तेचाळीसाच्या पुढं अठ्ठेचाळीसावं पान असतं, पण तिथवर जातो कोण?

खाली येऊन त्यानं मला चालू केलं. टक्, टक्, टक्. काचेवर चित्र दिसायचं बंद. वैजनाथ खूश. मी तर इतका खूश की विचारू नका. रात्री संगणकावर तीन फोटो उघडले. तिन्ही सारखे. तिन्ही आभाळं पांढरी, तिन्ही कोनाडे काळे. जुळी नव्हे, तिळी!

"कॅमेराच बोगस आहे," वैजनाथ म्हणाला.

"पुढचं पान," कालिंदी म्हणाली.

त्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मग खिडकीतून बाहेर. मग म्हणाला, "उद्या गुरुवार आहे गं. म्हातारीला काय सांगू?" त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. भर मांडवात बॅटरी संपल्यावरसुद्धा नाही. आणि माझं हसू तिथंच थांबलं. खोडी काढावी ती सासरेबुवांच्या पोटाची. म्हातारीच्या देवाशी कशाला?

"उद्या मी रजा टाकते," कालिंदी म्हणाली.

गुरुवारी आम्ही सगळे बारवेत. रात्री भारनियमनामुळं बॅटरी अर्धीच भरलेली. वर काठावर निम्मी वस्ती गोळा झालेली, कारण वस्तीवर फोटोवाला दोनदा आला तर बघायलाच पाहिजे.

कालिंदीनं आधी मला तिकाटण्यावर बसवलं. तळाशी शेवाळ, तिकाटण्याचे पाय घसरायला लागले. दगडाबाईनं पाण्यानं भरलेली कळशी आणून तिकाटण्याच्या मधल्या दांड्याला टांगली. असा घट्ट बसलो, की नवरदेव घोड्यावर बसावा!

"आता माप घेऊ," कालिंदी म्हणाली. "भिंगाचं तोंड आठवर, ते हलवायचं नाही. फक्त डोळा किती वेळ उघडा ठेवायचा, तेवढंच बदलायचं."

मला वर आभाळाकडं वळवलं. मी सांगितलं, सेकंदाचा हजारावा भाग पुरे. मग कोनाड्याकडं वळवलं. मी सांगितलं, चार सेकंद. अंधारच तसा होता हो, आसरांची नाकंसुद्धा दिसत नव्हती.

कालिंदीनं बोटं मोजली. "प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा चौपट वेळ. सेकंद भागिले हजार, भागिले अडीचशे, भागिले साठ. हा एक फेरा. मग पंधरा, चार, आणि पूर्ण एक सेकंद. हा दुसरा फेरा. सहा झाले. पण चार सेकंदांसाठी तिसरा फेरा लागेल, आणि बॅटरी..."

"बाई, हे तर पाढे झाले," वरून कारभारी ओरडला.

"म्हणूनच तुम्ही खाली येऊ नका."

इतक्यात दगडाबाई पुढं झाली. हातात पणती. "थांबा. दिव्याबिगर आसरांचा फोटो काढायचा नाय."

"मावशी, दिवा हलतो, चकाकतो, आणखी घोळ होईल," वैजनाथ म्हणाला.

"होऊ दे. तुझ्या आईचा फोटो कुंकवाबिगर काढशील का?"

दगडाबाईनं कोनाड्यात पणती ठेवली, काडी ओढली, आणि सातही आसरा एकदम जाग्या झाल्या! शेंदूर, डोळे, दगडातली वेलबुट्टी, सगळं. कालिंदीनं घाईनं मला पुन्हा तिकडं वळवलं. मी आनंदानं ओरडलोच असतो, आवाज असता तर. एक सेकंद! चारावरून एकावर आलं!

"सहात बसलं!" कालिंदीनं टाळी वाजवली. "मावशी, तुम्ही तिसरा फेरा वाचवलात."

"मी दिवा लावला," दगडाबाई म्हणाली. "तुमचं फेऱ्याचं मला नाय कळत."

पहिला फेरा. वरचा काठ आणि खालचा कोनाडा दोन्ही मावतील असं मला वळवून घड्याळ दोन सेकंदांचं लावलं, म्हणजे बटणावरच्या हाताचा धक्का बसणार नाही. पीप, पीप, टक्. आणि काय सांगू, वर काठावर कारभारी कमरेवर हात देऊन उभा होता, तो पहिला टक् ऐकताच डावीकडून उजवीकडं गेला. सोबत पंधरा माणसंही हलली. कुणी टोपी नीट केली, कुणी पुढं आलं. लग्नात तसंच असतं ना! एक टक् झाला की तो फोटो संपला, पुढच्या फोटोला नवी जागा, नवा माणूस पुढं. त्यांचं काही चुकलं नाही. पण माझ्या तीन फोटोंत कारभारी तीन जागी!

"कारभारी!" कालिंदीचा आवाज चाळीस पायऱ्या चढून वर गेला. "मिसळल्यावर तुम्ही तिघे दिसाल, आणि तिघेही काचेचे!"

"मंग साहेबांना वाटंल, तीन सदस्यांचा विरोध हाय," कारभारी म्हणाला.

"हलला तर तुझं नाव मतदार यादीतनं मी खोडीन," दगडाबाई म्हणाली. मग साऱ्या वस्तीला दम भरला, "बाई 'बास' म्हणंस्तवर पापणी हलवायची नाय!"

पहिला फेरा वाया. आणि माझ्या काचेच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लुकलुकायला लागलं.

वैजनाथनं ते पाहिलं. त्याचा अंगठा आपोआप बटणाकडं सरकला. इतक्या वर्षांची सवय हो! बंद केलंस की मी विसरलो, विसरलो की पुन्हा सगळं लावायला वेळ, आणि तेवढी जान माझ्यात नाही.

"अहो. हात," कालिंदी हळूच म्हणाली.

वैजनाथनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, शाळेतल्या पोरासारखे. कपाळावर घाम. हा माणूस काही न करता कधी एवढा दमलेला मी पाहिला नव्हता.

पुन्हा पहिला फेरा. हजार. अडीचशे. साठ. वर सगळी वस्ती दगडासारखी. कारभारीच्या नाकावर माशी बसली होती, मी पाहिली. बिचारा हलला नाही. मानलं त्याला!

आता दुसरा फेरा. कालिंदीनं एका बोटानं, फुलाला लावावं तसं, माझं चाक फिरवलं. पंधरा. त्या दिवशी मी भिंग फिरवलं नाही, कुर्र केलं नाही, एकही चाळा केला नाही. चार. कोनाडा माझ्यात उतरायला लागला. मग शेवटचा, पूर्ण एक सेकंद. तुम्हाला सेकंद म्हणजे काही नाही. मला तो अख्ख्या लग्नसराईएवढा लांब वाटला. पणतीची वात, शेंदूर, ओल्या दगडावरचं शेवाळ, सारं हळूहळू भरत गेलं. टक्. लाल दिवा लुकलुकला, सहावा फोटो कार्डात जाऊन बसला, आणि मी विझलो.

"बास!" कालिंदी ओरडली. वर अशी शिट्ट्या-टाळ्यांची झुंबड उडाली, की बारवेतली कबुतरं उडाली.

संगणकावर मिसळताना वैजनाथचा लग्नाचा हात पुन्हा जागा झाला. आभाळ जांभळं, शेवाळ पोपटी, आसरा लालभडक. "काय दिसतंय!" म्हणाला. कालिंदी म्हणाली, "साहेब विचारतील, ही बारव कुणी रंगवली?" मग तिनं रंग उतरवले, उतरवले, डोळ्याला दिसतं तिथवर आणून थांबवले. कारभारीनं फोन करून विचारलं, खाली त्याचा पासपोर्ट फोटो लावता येईल का. फोन कालिंदीनं उचलला होता. एवढं पुरे.

शुक्रवारी ग्रामसभेत मी नव्हतो, मी स्टुडिओत बॅटरी भरत पडलो होतो. पण वैजनाथनं येऊन तीन दिवस तेच सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. साहेबांनी फोटो हातात घेतला. वर वस्तीची पाण्याची टाकी, तिच्यावरचं नाव, कडुनिंब, दगडासारखी उभी माणसं. मधे चाळीसही पायऱ्या. खाली कोनाडा, सात आसरा, पणती. साहेबांनी बोटानं टाकीपासून कोनाड्यापर्यंत एक एक पायरी मोजली. मग ग्रामसेवकाला विचारलं, "ठरावात कचऱ्याचा खड्डा लिहिलंय. ह्यात कचरा कुठाय?" आणि पाहणी होईपर्यंत मुरूम टाकायचा नाही, असं तिथंच लिहून दिलं. शनिवारी टिप्पर आला आणि रिकामा... चुकलो, भरलेलाच परत गेला.

त्याला दहा वर्षं झाली. बारव आता साफ आहे, पाणी आहे. मी मात्र निवृत्त. आतला पडदा अडकतो, काचेवर रेघा पडल्यात. वैजनाथनं मोबाइल घेतला, तो म्हणे एका क्लिकात सगळं आपोआप मिसळतो. मी स्टुडिओच्या फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतो. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी पडला असेल तर त्याला बाहेर काढा, बॅटरी भरा, एखाद्या काकांच्या पोटावर रोखा. त्याचाही जीव रमेल आणि काकांचाही.

परवा दगडाबाई लुगडं घ्यायला गुलमंडीत आली होती. ऐंशीच्या पुढं गेलीय, पण चढून स्टुडिओत आली. भिंतीवर तोच फोटो, मोठा करून लावलेला. एक गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून वैजनाथला जोर चढला. त्यानं मला फळीवरून उचललं, माझ्या डोक्यावर थाप मारली. मी असा फुगलो!

"मावशी, खरं सांगा," तो म्हणाला, "एवढी वर्षं रोज उतरताय, पण वरचं आभाळ आणि तळातल्या आसरा अशा एकदम कधी दिसल्या होत्या का? माणसाच्या डोळ्याला जमतच नाही ते. त्याला हा गडी लागतो!"

दगडाबाईनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग वैजनाथकडं.

"रोज दिसतंय की. उन्हातनं उतरलं की पायरीवर जरा बसायचं, पान लावायचं, अंधाराला वळख पटू द्यायची. मंग आभाळबी दिसतंय अन् आसराबी दिसत्यात. तू दोनदा आलास ना बाबा, एकदा तरी बसला होतास का?"